लष्कराच्या भाकऱ्या

अमेरिकन सैन्यात परदेशी बदलीचा हुकूम निघतो तेव्हा त्याच्या मागोमाग येणाऱ्या कागदांत कशाचीही उणीव नसते. जवानाने कोणत्या तारखेला हजर व्हायचं, हुद्द्याप्रमाणे किती हजार पौंड सामान सरकारी खर्चाने न्यायचं, मोटार कोणत्या बंदरात नेऊन सोडायची, बायकोमुलांना सोबत नेण्याची मंजुरी आहे की नाही, सगळं नमूद असतं. कुत्र्याची तर स्वतंत्र फाइल निघते. जपानला जायचं असेल तर त्याला मायक्रोचिप, रेबीजच्या दोन लसी, मग रक्ततपासणी आणि तपासणीनंतर १८० दिवसांची प्रतीक्षा. एवढ्या कागदांत बायकोच्या चालू नोकरीचं काय करायचं, याला मात्र रकाना नाही. ती राजीनामा देते. कुत्र्याचं प्रकरण जास्त किचकट, पण निदान त्याला १८१वा दिवस असतो.

हे विंचवाचं बिऱ्हाड दर दोन-तीन वर्षांनी उठतं आणि कधी जर्मनीतल्या रामश्टाइनला, कधी जपानमधल्या योकोसुकाला किंवा ओकिनावाच्या काडेनाला, कधी कोरियातल्या कॅम्प हंफ्रीजला, तर नशीब जोरावर असेल तर इटलीतल्या विचेन्झाला जाऊन पडतं. रामश्टाइनच्या आसपास, काइझर्सलाउटर्न परिसरात, पन्नास हजारांच्या घरात अमेरिकन माणसं राहतात. या शहराचं नाव अमेरिकन जिभेला पेलत नाही, म्हणून त्यांनी ते 'के-टाउन' करून टाकलं. सैनिकांच्या जोडीदारांत दहापैकी नऊ बायका असतात. त्यांत परिचारिका आहेत, वकील आहेत, शिक्षिका आहेत, हिशेबनीस आहेत. आणि अमेरिकन संरक्षण खात्याच्याच २०२१च्या पाहणीनुसार, काम करू इच्छिणाऱ्यांपैकी २१ टक्के बेकार आहेत. त्याआधीच्या पाहण्यांतही आकडा याच्याच आगेमागे घुटमळतो. जगातली सर्वांत बलाढ्य फौज कोणत्याही खंडात काही तासांत विमान उतरवू शकते, पण या एका आकड्याला तिला फारसं हलवता आलेलं नाही.

अडचणीचं मूळ एका करारात आहे. परक्या देशात फौज ठेवायची तर तिथे तिचे हक्क काय, हे ठरवणारा हा करार. नाटो देशांसाठी तो १९५१ साली लंडनमध्ये झाला, जपानशी १९६० साली. करार करणाऱ्यांच्या डोक्यात मोठमोठे प्रश्न होते. शिपायाने दारू पिऊन गाडी ठोकली तर खटला कोणी चालवायचा? पगारावर कर कोणी घ्यायचा? पेट्रोल, सिगारेट, जकात यांचं काय? बायकोमुलांचा विचारही त्यांनी केला, पण तो नवऱ्याच्या सामानाबरोबर येणारं कुटुंब एवढाच. ही बाई एक दिवस स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडेल आणि ओहायोतल्या विमा कंपनीचे हिशेब तपासू लागेल, हे १९५१ सालच्या त्या सद्गृहस्थांना कुठून सुचणार?

ती लॅपटॉप उघडते आणि तिथून गंमत सुरू होते. कंपनीला बाई हवी असते, पण कंपनीच्या कायदे विभागाला घाम फुटतो. ग्राहकांची माहिती परदेशात बसून उघडली तर चालेल का? तिथला कामगार कायदा लागू होईल का? तिथलं सरकार उद्या आपल्यालाच तिथली कंपनी समजून कर मागेल का? लष्करी तळावर मोफत कायदेशीर सल्ला देणारं कार्यालय असतं, तिथे विचारलं तर 'परिस्थितीवर अवलंबून आहे' हे उत्तर मिळतं. जर्मन बाजूचा युक्तिवाद मात्र सरळ असतो: खुर्ची जर्मनीत, बाई जर्मनीत, बोटं जर्मनीत, तेव्हा कामही जर्मनीतच. करारातली करमाफी आहे ती नवऱ्याच्या सरकारी पगाराला. बायकोच्या खासगी कंपनीतल्या पगाराबद्दल करारकर्त्यांनी मौन पाळलेलं आहे.

त्यातही जर्मन आयकर खात्याची चिकाटी वाखाणण्यासारखी. करारात म्हटलंय की शिपाई केवळ नोकरीमुळे त्या देशात असेल तर त्याला तिथला रहिवासी धरू नये. या 'केवळ' भोवती काही कर कार्यालयांनी चांगलाच पिंगा घातला. बायको जर्मन आहे, घर विकत घेतलंय, मुलं जर्मन शाळेत जातात, म्हणजे हा गृहस्थ केवळ नोकरीसाठी इथे नाही, असा तर्क काढून अमेरिकन कुटुंबांना कराच्या नोटिसा गेल्या आणि त्यावरून दोन सरकारांत पत्रापत्री झाली. जर्मनीत थोडं रमणं एवढं महाग पडू शकतं हे ऐकल्यावर, शेजारच्या बेकरीत अर्धवेळ काम धरण्याचा उत्साह अनेकींचा मावळतो. तिथे काम धरायचं तर जर्मन आयकर आणि जर्मन सामाजिक विमा आलाच, शिवाय जर्मन भाषा. आणि पावाचे प्रकार.

जपानमध्ये तळाबाहेर जपानी मालकाकडे काम करायचं तर आधी जपानी इमिग्रेशन खात्याची परवानगी लागते. ती मिळाली की बहुतेकींच्या वाट्याला एकच काम येतं, इंग्रजी शिकवणं. सागरी जीवशास्त्राची पदवीधर असो की बँकेतली कर्ज अधिकारी, ओकिनावात ती संध्याकाळी शाळकरी पोरांकडून फळांची नावं वदवून घेत बसते. जिने अमेरिकेतली नोकरी कशीबशी टिकवली, तिची कथा आणखी वेगळी. न्यू यॉर्कच्या ऑफिसात सकाळी दहाची मीटिंग असली की उन्हाळ्यात ओकिनावात रात्रीचे अकरा वाजलेले असतात. नवरा पहाटे कवायतीला उठतो, तेव्हा ती कामावरून सुटलेली असते. अशी जोडपी एकमेकांना बिछान्यात नाही तर फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांत भेटतात.

मग उरतो तळ. तळावर नोकऱ्या असतात आणि त्या कागदावर बायकांसाठीच असल्यासारख्या दिसतात. एक्स्चेंज हे लष्करी दुकान १८९५ पासून चालत आलंय, तिथे गल्ल्यावर बसता येतं. कमिसरीत, म्हणजे वाणसामानाच्या दुकानात, फळ्या भरता येतात. संरक्षण खात्याच्या शाळांत बदली शिक्षिका होता येतं. पाळणाघर आहे, व्यायामशाळा आहे, वाचनालय आहे. यांतल्या सरकारी जागांसाठी यूएसएजॉब्स या संकेतस्थळावर अर्ज करायचा, आणि इथे भल्याभल्यांची गाळण उडते.

खासगी कंपनीला एक पान पुरतं, सरकारला पुराण लागतं. प्रत्येक जुन्या नोकरीत आठवड्याला किती तास काम केलं, पगार किती होता, वरिष्ठाचं नाव काय, त्याला फोन केला तर चालेल का, आणि जाहिरातीत ज्या शब्दांत कामाचं वर्णन आहे जवळपास त्याच शब्दांत तुमचा अनुभव. हा अर्ज पाच-सहा पानांचा कसा लिहावा, याच्या कार्यशाळा तळातळांवर वर्षानुवर्षं चालल्या. बायका वह्या घेऊन बसल्या, टिपणं काढली, अर्ज फुगवायला शिकल्या. २०२५ मध्ये सरकारने हुकूम काढला की अर्ज दोन पानांत बसवा. आता कार्यशाळा अर्ज आटवण्याच्या. या कार्यशाळा घेणारी बाई पुष्कळदा कुणा जवानाचीच बायको असते. म्हणजे तळावर एक तरी नोकरी नक्की आहे, नोकरी कशी शोधावी हे शिकवण्याची.

सैनिकांच्या जोडीदारांना सरकारी भरतीत प्राधान्य आहे, त्याचा पाया १९८५ च्या एका कायद्यात घातला गेला. ऐकायला छान वाटतं. प्रत्यक्षात हे प्राधान्य एका ठिकाणच्या मुक्कामात एकदाच चालतं. कायम स्वरूपाची जागा स्वीकारली की संपलं, आणि नाकारली तरी संपलं. म्हणजे वकिलीण बाईला आधी पोस्टातल्या कारकुनाची जागा देऊ केली गेली, तर ती पेचात. 'हो' म्हणावं तर वकिली गेली, 'नको' म्हणावं तर प्राधान्य गेलं. द्रौपदीच्या थाळीसारखं हे प्राधान्य एकदा घासून ठेवलं की त्या मुक्कामापुरतं रिकामं.

पाळणाघराचं चक्र तर कुणा तर्कशास्त्राच्या प्राध्यापकाने परीक्षेसाठी रचावं असं आहे. आईला नोकरी धरायची तर मुलाला पाळणाघरात जागा हवी. पाळणाघरात जागा नाही, प्रतीक्षायादी आहे. प्रतीक्षायादी आहे कारण सांभाळणाऱ्या बायका कमी आहेत. सांभाळणाऱ्या कमी आहेत कारण भरतीआधी पार्श्वभूमीची कसून तपासणी होते आणि तिला महिनोन्‌महिने लागतात. आणि ज्या बाईची तपासणी चालू आहे तिचं मूल त्याच प्रतीक्षायादीत बसलेलं असतं. सप्टेंबर २०२२ मध्ये संरक्षणमंत्री लॉइड ऑस्टिन यांनी पाळणाघरात काम करणाऱ्यांना पहिल्या मुलाच्या फीमध्ये किमान ५० टक्के सवलत जाहीर केली, तेव्हा कुठे या चक्राला थोडं वंगण मिळालं. ज्यांना तेवढाही धीर नाही, त्या सरकारी घरातच परवाना काढून शेजारच्यांची मुलं सांभाळतात. यात प्रवासखर्च नाही, ही जमेची बाजू. सुटका नाही, ही दुसरी.

आता एवढं सगळं ऐकून कुणाला वाटेल की या बायका दुपारी मालिका बघत लोळत असतील. तसं अजिबात नाही. तळावर नोकरी दुर्मीळ असते, काम मुबलक असतं. लष्करी दवाखान्यात रेडक्रॉस दंतवैद्यांच्या मदतनिसांचं प्रशिक्षण देतं. त्यात प्रवेशासाठी चुरस असते, काही महिने दंतखुर्चीशेजारी पूर्णवेळ उभं राहावं लागतं, आणि पगार नसतो. जुन्या कपड्यांचं आणि भांड्यांचं दुकान बायकांचा क्लब चालवतो. रामश्टाइनला दर वर्षी प्रचंड बाजार भरतो, युरोपभरचे विक्रेते विमानांच्या हँगरात दुकानं मांडतात, तो भरवण्यात अधिकाऱ्यांच्या बायकांच्या क्लबाचा पुढाकार. त्यातून शिष्यवृत्त्या जातात, देणग्या जातात. राबणारीला टी-शर्ट मिळतो.

नौदलाने तर यासाठी पद निर्माण केलं. सप्टेंबर १९७० मध्ये ॲडमिरल एल्मो झुमवॉल्ट यांनी प्रत्येक तुकडीत कुटुंबांची गाऱ्हाणी कमांडरपर्यंत नेणारी 'ओम्बड्समन' नेमायला सांगितलं. ती सहसा त्याच तुकडीतल्या कुणाची तरी बायको असते. जहाज समुद्रात असताना कुणाच्या घरात पाणी शिरलं, कुणाचा पगार अडकला, कुणाला रात्री दोन वाजता रडू फुटलं, फोन हिलाच. तिचं प्रशिक्षण होतं, नेमणूकपत्र मिळतं, गोपनीयतेची शपथ असते. पगार नाही.

याला इतिहास आहे, आणि तो फारसा जुना नाही. एप्रिल १९४६ मध्ये अमेरिकन सैनिकांच्या बायकामुलांना घेऊन पहिलं जहाज जर्मनीच्या ब्रेमरहाफेन बंदराला लागलं, तेव्हा त्यांनी तिथे येऊन नोकरी करावी असं कुणाच्या मनातही नव्हतं. त्यांनी घर मांडावं, शेजाऱ्यांशी गोड वागावं आणि अमेरिका किती सुसंस्कृत आहे हे पडद्यांवरून आणि केकवरून सिद्ध करावं. १९४१ साली नॅन्सी शे यांनी 'द आर्मी वाइफ' नावाचं पुस्तकच लिहून ठेवलं होतं, फौजी बायकोने कसं वागावं याचं. पुढे बायका शिकल्या, कमवू लागल्या, तरी वरिष्ठ अधिकाऱ्याची बायको म्हणजे बिनपगारी उपकमांडर ही समजूत काही सुटेना. १९८७ मध्ये इंडियानातल्या ग्रिसम हवाई तळावरून तक्रार बाहेर आली, की नवऱ्याला बढती हवी असेल तर नोकरी सोडा आणि क्लबाच्या कामाला लागा, असं बायकांना सुचवलं जातंय. बोभाटा झाला, चौकशी समिती बसली. संरक्षणमंत्री कॅस्पर वाइनबर्गर यांना धोरण जाहीर करावं लागलं, आणि फेब्रुवारी १९८८ मध्ये खात्याचा लेखी आदेश निघाला: बायकोने नोकरी करावी की न करावी, स्वयंसेवा करावी की न करावी, याच्याशी नवऱ्याच्या बढतीचा काहीही संबंध लावायचा नाही.

फौजेने क्रूझ क्षेपणास्त्रं आधी बनवली आणि हे नंतर ठरवलं, याची नोंद घ्यायला हरकत नाही.

आज दडपण असं कुणी आणत नाही. फक्त नवी बाई तळावर आली की तिसऱ्या दिवशी कुणीतरी हसतमुखाने विचारतं, 'तू काय करतेस?' 'सध्या काही नाही' असं उत्तर आलं, की बेक सेल समितीत एक जागा रिकामी असतेच.

मग काही जणी स्वतःचा व्यवसाय काढतात. सरकारी घरातून धंदा करायला तळाच्या कमांडरची लेखी परवानगी लागते, म्हणजे वाढदिवसाचे केक करावेत की नाहीत यावर एक कर्नल सही करतो. कमिसरीतला करमुक्त माल तळाबाहेरच्या स्थानिकांना विकता येत नाही, तेव्हा जर्मन शेजारीण कितीही जीव टाकत असली तरी अमेरिकन मैद्याचा केक तिला विकणं म्हणजे जकात खात्याशी गाठ. ज्यांना कमांडर, जकात आणि मैदा तिन्ही नकोत, त्या घरबसल्या सुगंधी मेणबत्त्या, लेगिंग्ज आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या विकणाऱ्या साखळी योजनांत शिरतात. तळावर अशा विक्रेत्यांची दाटी एवढी की गिऱ्हाईक कोण आणि दुकानदार कोण, हे चहा संपेपर्यंत कळत नाही. काही जणी मात्र सगळ्या महत्त्वाकांक्षा गुंडाळून पोलंडच्या बोलेस्वावियेत्सला बसने जातात आणि निळ्या ठिपक्यांची चिनीमाती खोक्यांनी भरून आणतात. बदलीच्या सामानाच्या वजनमर्यादेला पहिला धक्का लागतो तो इथे.

मराठी वाचकाला हे चित्र अनोळखी वाटायचं कारण नाही. न्यू जर्सीत नाही तर डॅलसमध्ये नवऱ्याच्या एच-वन व्हिसावर गेलेल्या, पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून पदवी घेतलेल्या, एच-फोर व्हिसावरच्या मुलींनी हेच अनुभवलंय. २०१५ च्या मे महिन्यापासून त्यांच्यातल्या काहींना काम करायची मुभा मिळाली, तीही नवऱ्याचं ग्रीन कार्डाचं प्रकरण ठरावीक टप्प्याला पोचलं असेल तरच. तोवर गणेशोत्सवाची सजावट, मराठी शाळा आणि मंडळाच्या नाटकाची वेशभूषा बिनबोभाट पार पडत होती ती कुणाच्या जिवावर, हे मंडळाच्या अध्यक्षांना विचारावं. इकडे भारतीय सैन्यातही तऱ्हा फार निराळी नाही. देवळालीहून भटिंडा आणि भटिंड्याहून तेजपूर करणाऱ्या अधिकाऱ्याच्या बायकोला बी.एड. कर असा सल्ला लग्नाच्या आहेराबरोबर मिळतो, कारण आर्मी पब्लिक स्कूल जवळपास प्रत्येक छावणीत असतं. बाई अंतराळशास्त्रज्ञ असली तरी सल्ला तोच. आणि १९६६ पासून 'आवा' म्हणजे आर्मी वाइव्ह्ज वेल्फेअर असोसिएशन आहेच, तिथे कामाचा तुटवडा कधी पडलेला नाही.

अमेरिकन सरकारने काही केलं नाही असं मात्र म्हणता येणार नाही, उलट पुष्कळ केलं. रोनाल्ड रेगन यांनी १९८४ मध्ये सैनिकांच्या जोडीदारांचा गौरवदिन जाहीर केला, तो दर वर्षी मे महिन्यात मदर्स डेच्या आदल्या शुक्रवारी येतो. त्या दिवशी केक कापला जातो, आणि तो कोणी केला हे विचारण्याची पद्धत नाही. २००८ मध्ये जॉर्ज बुश यांनी सरकारी नोकरीत जोडीदारांना स्पर्धेविना घेण्याची सोय केली. २०११ मध्ये मिशेल ओबामा आणि जिल बायडन यांनी 'जॉइनिंग फोर्सेस' मोहीम काढली आणि त्याच वर्षी कंपन्यांशी भागीदारीची योजना आली. कनिष्ठ हुद्द्यांवरच्या सैनिकांच्या बायकांना अभ्यासक्रमासाठी किंवा परवान्यासाठी ४,००० डॉलरपर्यंत मदत मिळते. २०२३ च्या जूनमध्ये जो बायडन यांनी आदेश काढला, त्यात सरकारी नोकरीतल्या बायकांना परदेशातून ऑनलाइन काम करू द्यावं यावर भर होता. २०२५ मध्ये सगळ्या सरकारी नोकरांना ऑफिसात परत बोलावलं गेलं, तेव्हा सैनिकांच्या जोडीदारांना त्यातून सूट मिळाली. योजना खऱ्या, पैसेही खरे. पण प्रत्येक योजनेचं कार्यालय वेगळं, अर्ज वेगळा, अटी वेगळ्या. या सगळ्यांचा नीट पाठपुरावा करायचा तर एक पूर्णवेळ माणूस नेमावा लागेल. सुदैवाने घरात एक बसलेला असतो.

त्यातल्या त्यात दिलासा देणारी गोष्ट जुनीच आहे. १९९० च्या एका राष्ट्राध्यक्षीय आदेशाप्रमाणे परदेशातल्या तळावर ५२ आठवडे सरकारी नोकरी केलेल्या बाईला मायदेशी परतल्यावर तीन वर्षांत स्पर्धेविना सरकारी जागा मिळू शकते. ज्यांना तेवढे आठवडे जमत नाहीत, त्यांच्यासाठी आणखी एक फट आहे. सरकारी अर्जात बिनपगारी कामाचा अनुभवही धरला जातो, फक्त आठवड्याचे तास लिहायचे. मग अर्ज भरू लागतात. ओम्बड्समन, आठवड्याला वीस तास. जुन्या कपड्यांचं दुकान, आठवड्याला दहा. बाजाराचा हिशेब, मोसमात तीस. दंतवैद्याची मदतनीस, चाळीस. पगाराच्या रकान्यात ओळीने शून्यं. आणि हे सगळं घेऊन बाई ज्या जागेसाठी अर्ज करते, ती जागा कधीकधी असते स्वयंसेवकांच्या समन्वयकाची. हे पद अमेरिकन लष्करात खरोखर आहे. तळावरच्या सगळ्या फुकट राबणाऱ्यांची नोंद ठेवायची, त्यांना कामं वाटायची, वर्षाकाठी त्यांच्या तासांची बेरीज करून वर कळवायची. या पदाला पगार असतो.